घरचे हर्बल चहा आणि काढे: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

दुपारचा दुधाचा चहा बंद करून त्या जागी गवती चहा, ज्येष्ठमध, धणे असं काही ना काही पिण्याचा प्रकार आमच्या परळच्या घरात गेल्या पावसाळ्यात सुरू झाला आणि अजून टिकून आहे. आधी निकाल सांगते. घशाला आराम पडतो, हे नक्की. ॲसिडिटी कमी झाली, पण त्याचं श्रेय या पेयांना द्यायचं की सुटलेल्या चहाला, कोण जाणे. मला तरी ते सुटलेल्या चहाचंच वाटतं. प्रतिकारशक्तीबद्दल मात्र काही बोलणार नाही, ती घरी बसून मोजायची कशी?

रोजचा मान गवती चहाला. दादरच्या बाजारात आलं-पुदिन्याशेजारी जुडी मिळतेच, 'हरी चाय' म्हणून मागितली तरी तीच हातात पडते. पाती धुऊन कात्रीने बारीक कापायची, आल्याचा तुकडा ठेचायचा आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं उकळायचं. झाकण महत्त्वाचं, कारण याचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या घटकाचा असतो आणि तो वाफेबरोबर निघून जातो. तुळस आणि पुदिना तर उकळायचेच नाहीत. पाण्याला उकळी आली की गॅस बंद, पानं टाकून पाच-सात मिनिटं झाकून ठेवा. सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध यांचं उलट: ठेचून, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. बहुतेक घरांत सगळं एकाच पातेल्यात घालून अर्धा तास रटरटवतात. त्याने स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात कडवट पाणी येतं.

हा फरक जुनाच आहे. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात काढ्यासाठी औषधाच्या १६ पट पाणी घेऊन ते आठव्या हिश्श्यापर्यंत आटवायला सांगितलंय. म्हणजे १० ग्रॅम औषधाला १६० मिली पाणी, हातात उरतं २० मिली. आपला मगभर 'काढा' त्याच्या जवळपासही जात नाही, आणि रोज प्यायचा असेल तर ते बरंच आहे. गरम पाण्यात भिजवून गाळतात तो फांट, त्याला चौपट पाणी. थंड पाण्यात रात्रभर भिजवतात तो हिम, त्याला सहापट.

या सगळ्यात मला सर्वांत आवडला तो धण्यांचा हिम. ऑक्टोबर हीटमध्ये लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आलं की काढ्याचं नावही नको वाटतं. धणे भरडून रात्री भिजवायचे, सकाळी कुस्करून, गाळून, चवीला खडीसाखर घालायची. लघवीची जळजळ, तहान, अंगाची आग यांवर हा जुना उपाय आहे. माझी तहान तरी छान भागते. सासूबाई यात वाळाही घालतात, मला वाळ्याशिवायच बरा वाटतो.

ज्येष्ठमधाने पावसाळ्यातला कोरडा खोकला खरंच निवला. काडी इतकी गोड असते की गूळही लागत नाही. पण सासऱ्यांना तो कप देत नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब वाढतो, शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. हे गुगलवर शोधायला जायच्या आधी डॉक्टरांना विचारा. अडुळशाचं तसंच. कफ सुटायला पानं चांगलीच, त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे औषध आलं. पण गरोदर बाईने घेऊ नये. चवीबद्दल न बोललेलं बरं.

गुळवेल आम्ही ठरवून घेतली नाही. करोनाच्या काळात जो तो तिचा रस पीत होता. पुढे २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही असं म्हटलं. वाद कुणीही जिंको, रस्त्यावरच्या टोपलीतली वेल नेमकी कोणती हे मला ओळखता येत नाही, तेवढं कारण पुरे. त्याच मंत्रालयाचा २०२० चा आयुष क्वाथ (म्हणजे काढाच) मात्र अधूनमधून करते: तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन, मिरी एक. या पुडीतले तीन ग्रॅम १५० मिली उकळत्या पाण्यात. दालचिनी रोज घ्यायची असेल तर पातळ, अनेक पदरी सुरळीची सिलोन बघून घ्या. जाड, एकपदरी काडी बहुतेक कॅशिया असते, तिच्यात कूमारिन जास्त असतं आणि ते फार झालं तर यकृताला त्रासदायक.

तयार टी-बॅग्जचा एक महागडा डबा सुपरमार्केटमधून आणला होता. पुढे तुळस-अश्वगंधा असलं काहीतरी चित्र, मागे घटकांच्या यादीत पहिलाच ग्रीन टी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे शेवटच्या ओळीतल्या 'हर्ब्ज'वर पैसे घालवू नका. सुटं सामान लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून आणणं स्वस्त पडतं. फक्त थोडं-थोडं आणा. आपल्या दमट हवेत सुंठेची पूड गोळा होते आणि ज्येष्ठमधाला बुरशी धरते.

मध घालायचा तर पेय कोमट झाल्यावर, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.

आणि ताप असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात ताप म्हणजे मलेरिया, डेंगी, साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांपैकी काहीही असू शकतं. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी चार दिवस सुंठ-मिरीवर काढले आणि मग रक्त तपासलं, प्लेटलेट्स बऱ्याच खाली गेल्या होत्या. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा असं पालिका दर वर्षी सांगते, तेव्हा तुळशीवर विसंबू नका.

आता उन्हाळ्यात ज्येष्ठमध, सुंठ कपाटात गेलेत. धणे आणि गवती चहा चालूच आहेत. मुळासकट एक ठोंब मिळाला तो गॅलरीतल्या कुंडीत लावलाय. बाजारातल्या जुडीत नुसती कापलेली पाती असतील तर ती लागत नाही, म्हणून ठोंब शेजाऱ्यांकडेच मागा.