टेम्पोरल टेबलचा वापरानंतरचा अनुभव: काय आणि केव्हा चोख, कुणी केलं ते विचारू नका

गेल्या ऑडिटमध्ये एका सप्लायरचं रेकॉर्ड उडवल्याचा ठपका भलत्याच माणसावर आला. टेम्पोरल टेबलच्या हिस्टरीत (ओळ बदलली किंवा उडवली की जुनी ओळ आपोआप जिथे जाऊन बसते ते टेबल) नाव त्याचंच होतं ना! प्रत्यक्षात त्याने कधीतरी त्या सप्लायरचा फोन नंबर तेवढा दुरुस्त केला होता. डिलीट मारलं दुसऱ्याच कुणीतरी. बैठकीत उलटतपासणी मात्र याची झाली.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे, सेटअप सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. आमच्याकडे आधी ट्रिगरवाला (टेबलमध्ये बदल झाला की आपोआप चालणाऱ्या कोडवाला) लॉग होता. टेबलला कॉलम वाढला की ट्रिगरमध्येही वाढवायचा, आणि नेमकं तेच राहून जायचं. इथे कॉलम वाढवला की हिस्टरी टेबलमध्ये आपोआप येतो. वेगळं लायसन्स नाही, बाहेरचं टूल नाही. ऑडिट टूलवाल्यांची कोटेशनं बघून झाल्यावर फुकटात मिळालेलं काहीही गोडच लागतं.

आता मुख्य दुखणं. काय बदललं आणि केव्हा बदललं, ते नीट कळतं. कुणी बदललं याला रकानाच नाही. तो आपणच टेबलमध्ये टाकायचा आणि ॲपने दर वेळी भरायचा, कारण ॲप कनेक्शन पूलमधून (सगळ्यांनी वाटून वापरायच्या जोडण्यांतून) एकाच लॉगिनने येतं, डेटाबेसला सगळे सारखेच. इन्सर्ट-अपडेटपुरतं हे भागतं. डिलीटमध्ये मात्र नाव भरायला जागाच नसते. ओळ होती तशी उचलून हिस्टरीत जाते, शेवटच्या दुरुस्तीवाल्याच्या नावासकट, आणि तिच्या अखेर-वेळेच्या रकान्यात डिलीटची वेळ पडते. वाचणारा काय समजणार? यानेच उडवलं.

सीडीसी (चेंज डेटा कॅप्चर, बदल टिपणारी एसक्यूएल सर्व्हरचीच दुसरी सोय) वापरा, असं सांगणारे भेटतातच. तेही कुणी केलं ते सांगत नाही, वर सेटिंग बदललं नाही तर ३ दिवसांनी स्वतःचा डेटा झाडून टाकतं.

दुसरा सल्ला बरा वाटला: डिलीटच्या आधी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण होणाऱ्या कामांच्या गटात), नावाचा कॉलम अपडेट करा. केलं. तरी रिपोर्टमध्ये नवं नाव कुठेच येईना. गोम अशी की नोंदली जाणारी वेळ ही ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची असते. अपडेट आणि डिलीट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मधल्या ओळीचा आरंभ आणि शेवट एकाच क्षणाचा. अशी शून्य आयुष्याची ओळ जुन्या वेळेचा डेटा मागणारी ‘फॉर सिस्टिम टाइम’वाली क्वेरी गाळून टाकते. हिस्टरी टेबल थेट वाचलं तर ती तिथे निमूट बसलेली असते. तेव्हापासून आमचा डिलीटचा रिपोर्ट थेट हिस्टरीवरून निघतो. चालतंय, पण एवढ्याशा नावासाठी एवढी कसरत?

इथवर लिहून ठेवलं होतं तेव्हा सूर याहून कडू होता. मग एका संध्याकाळी रेट मास्टरवर (दरांच्या टेबलवर) ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी ते सांगणारी अट) न लिहिता अपडेट चाललं. सगळ्या मालाला एकच दर! बॅकअप रिस्टोअर करायची बोलणी सुरू झाली होती. त्याआधी ‘ॲज ऑफ’मध्ये (अमुक वेळी टेबल कसं होतं ते दाखवणाऱ्या क्वेरीत) थोडी आधीची वेळ घालून जुने दर काढले, प्रायमरी कीवर (ओळीच्या ओळखक्रमांकावर) जॉइन करून परत लिहिले, आणि ॲप बंदही ठेवावं लागलं नाही. वेळ तेवढी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) द्यायची, भिंतीवरच्या घड्याळातली दिलीत तर भलतेच दर हाती येतील. कुणी केलं ते यावेळी डेटाबेसला विचारायची गरज पडली नाही, करणारा शेजारीच घाम पुसत होता. या एका प्रसंगाने मी एक स्टार वाढवला.

पण डिस्क खाते, याची तयारी ठेवा. एक अक्षर बदललं तरी अख्खी जुनी ओळ हिस्टरीत जाते. आमचा रात्रीचा सिंक जॉब सगळ्या ओळी त्याच त्या किमतींनी पुन्हा अपडेट करायचा. काहीही न बदलता हिस्टरी फुगत होती, आणि बाहेरचा सल्लागार डिस्क वाढवा म्हणत होता! अपडेटच्या ‘व्हेअर’मध्ये जुनं-नवं ताडून बघायची अट घातली, एक रुपया न खर्चता फुगणं थांबलं. शिवाय २०१७ पासून हिस्टरी किती काळ ठेवायची ते टेबलागणिक ठरवता येतं, ते आधी ठरवा.

ज्याच्याकडे पुरेसे अधिकार आहेत तो व्हर्जनिंग (जुन्या ओळी हिस्टरीत टाकणं) बंद करून हिस्टरीत हात घालू शकतो आणि पुन्हा चालू करू शकतो. ऑडिटरने यावर बोट ठेवलंच. २०२२ च्या आवृत्तीत लेजर टेबलं आली आहेत, तिथे मागाहून केलेली छेडछाड हॅशच्या (डेटावरून काढलेल्या ठशाच्या) पडताळणीत पकडली जाते आणि ट्रान्झॅक्शन कुणाच्या लॉगिनने झालं तेही नोंदलं जातं. ऐकून आमचे साहेब खूश. पण आमचं ॲप जोवर एकाच लॉगिनने आत शिरतंय तोवर तिथेही त्या लॉगिनचंच नाव छापून येणार. म्हणून अपग्रेडची फाइल मी सध्या पुढे सरकवलेली नाही, आधी ॲपवाल्यांच्या मागे लागलोय.