मेस लावू का रूमवर करू? संभाजीनगरात शिकत शिकत सेवेचं काम करायचंय त्यांच्यासाठी

बारावीचा निकाल लागला की गावाकडून मेसेज सुरू होतात, ताई ॲडमिशन झालं, रूम पण बघितली, आता मेस लावू का रूमवर स्वयंपाक करू. आणि त्यातल्या निम्म्या जणांना एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव द्यायचं असतं नाहीतर घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन पेशंटला मदत करायची असते, म्हणजे पैसा पण वाचला पाहिजे आणि वेळ पण. मी वसमतकडची, तीन वर्षं होत आली इथं शिकायलेय, पहिलं वर्ष मेस खाल्ली, मग चार महिने डबा लावला आणि आता दीड वर्षापासून आम्ही तिघी बेगमपुऱ्यात एका रूमवर मिळून करून खातो. तिन्हीचं जसं आहे तसं सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्या वर्षी माझं लई चुकलं.

मेसचं चांगलं ते आधी. नवीन शहरात पहिले दोन-तीन महिने डोक्यात इतकं चालू असतं, कॉलेज, कागदपत्रं, स्कॉलरशिपचा फॉर्म, की भाजी काय करायची हा विचार नको वाटतो. मेसला गेलं, ताट घेतलं, खाल्लं, निघालं. भांडी नाहीत, गॅस नाही, आणि बाकावर शेजारी कधी लातूरची पोरगी कधी बीडची कधी परभणीची, माझ्या जवळच्या दोन्ही मैत्रिणी मला मेसमधेच भेटल्या, आज ज्या रूमवर सोबत आहेत त्याच. मी तेव्हा दोन वेळचे महिन्याला २८०० देत होते, रविवारी रात्री सुट्टी.

आता वाईट. चव वगैरे सोडा, चवीची सवय होते. खरी अडचण घड्याळाची. आमच्या मेसची संध्याकाळची वेळ साडेसात ते साडेनऊ, त्याच्या पुढं गेलं की ताटल्या धुवायला पडलेल्या. कॉलेज आणि रूम एवढंच करायचं असेल तर ही वेळ पुष्कळ झाली, पण सेवेचं काम घड्याळ बघून संपत नाही. घाटी म्हणजे इथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, सगळ्या मराठवाड्यातून आणि बुलढाणा, जळगावकडून पण पेशंट येतात, आणि त्यांना पहिली मदत लागते ती रस्ता दाखवायची. केसपेपर कुठं काढायचा, रक्ताची चिठ्ठी कुठं द्यायची, सोनोग्राफीची खोली कोणती, मोफत उपचाराच्या सरकारी योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधारची झेरॉक्स लागते ती कुठं मिळते. एकदा आमच्याच हिंगोलीकडचे एक काका, धोतर, हातात कापडी पिशवी, बायको वॉर्डात आणि हे जिन्यात उभे, मला म्हणले "बाई, हे कागद कुनाला दाखवायचं हाय?" चिठ्ठी रक्तपेढीची होती आणि ते दीड तास उलट्या बाजूला फिरत होते. त्यांच्यासोबत गेले, रांगेत थांबले, रक्ताची पिशवी हातात येईपर्यंत पावणेदहा झाले. काका हात जोडायले, मला रडू यायलं. रूमवर आले तर मेस बंद, पाण्यात बिस्कीट बुडवून खाल्लं आणि झोपले. त्या महिन्यात असं तिसऱ्यांदा झालं होतं, पैसे मात्र पूर्ण महिन्याचे दिलेले.

आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पहिल्या वर्षाच्या शेवटी कॉलेजात रक्तदान शिबिर होतं, वय १८ झालेलं, वजन ४५ च्या वर, म्हणलं आपण देऊ. बोटाला टोचलं आणि एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ११ आलं, रक्त द्यायला कमीत कमी १२.५ लागतं, परत पाठवलं. मेसमुळंच झालं असं मी म्हणणार नाही, मीच अर्धं ताट टाकून उठायची, पालेभाजी आठवड्यातून एखाद्या दिवशी आणि तीही पाणी पाणी, घरी रोज खायची ती ज्वारीची भाकरी तर वर्षभर बघितली नव्हती, मैद्यासारख्या पांढऱ्या पोळ्या आणि भात. पण दुसऱ्याला द्यायला गेले आणि माझ्याच अंगात नव्हतं, ते मला फार लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या नेमानं घेतल्या, खाणं सुधारलं, पुढच्या वर्षी १२.८ आलं आणि पहिल्यांदा रक्त दिलं. मुलींनी चार महिन्यांच्या आत परत द्यायचं नसतं, मुलांना तीन महिने, हे पण लक्षात असू द्या, शिबिरं लई असतात आणि उत्साहात पोरं विसरतात.

डब्याचं थोडक्यात. घरगुती डबा लावणाऱ्या काकू चांगल्या असतील तर जेवण मेसपेक्षा बरं, डबा रूमवर येतो म्हणजे उशीर झाला तरी ताट चुकत नाही, पण उन्हाळ्यात दुपारचा डबा संध्याकाळपर्यंत ठेवला तर वरण आंबतं, आणि तीन पोळ्या म्हणजे तीनच, भूक जास्त असली तर काय करणार. परीक्षेच्या महिन्यात आम्ही अजूनही डबाच लावतो, तेवढ्यापुरता तो उत्तम.

आता रूमवरचा स्वयंपाक, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण लोक इथंच घाबरतात. सगळ्यात आधी ठरवा की एकटे आहात का दोघं-तिघं. एकट्यानं करू नका, खरंच सांगते, एका माणसाची भाजी करायला तेवढाच वेळ आणि जवळजवळ तेवढाच गॅस जातो आणि पंधरा दिवसात कंटाळा येऊन वडापाववर गाडी येते. तिघं असाल तर डोळे झाकून करा. आमच्यात पाळी आठवड्याची आहे, एकीकडं भाकरी, दुसरीकडं भाजी-वरण, तिसरीकडं भांडी आणि पाणी, सोमवारी पाळी बदलते. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. गेल्या महिन्याचा वहीतला हिशेब बघितला तर एकीला १४०० च्या आसपास पडले, त्यात ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे घरून आलेले धरले नाहीत, ते धरले तर अजून तीनेकशे चढतील. म्हणजे मेसपेक्षा हजार रुपये तरी वाचतात, घरी पैसे मागताना जीव खाली-वर होतो ते ज्याला माहीत त्याला या हजाराची किंमत माहीत.

गॅसचं म्हणाल तर मोठ्या सिलेंडरला पत्त्याचा पुरावा लागतो, आपण भाड्यानं, म्हणून ५ किलोचा छोटा सिलेंडर घ्या, तो ओळखपत्रावर मिळतो, आम्हाला पंधरा-सोळा दिवस जातो. घरमालकाला विचारूनच आणा, लपवून आणू नका. खिडकीजवळ उभा ठेवायचा आणि झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद, पाळी कुणाची पण असो. इंडक्शन पण बरेच वापरायलेत, पण ते दोन हजार वॅटपर्यंत जातं, त्याला मोठा १६ अँपियरचा पॉइंट पाहिजे, साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावलं तर वायर तापते. शिवाय भाकरी फुगवायला जाळ लागतो, इंडक्शनवर ती कापडानं दाबून दाबून करावी लागते, खिचडीपुरतं ठीक आहे.

भाकरी येत नाही म्हणून कुणी मेस लावत असेल तर तसं करू नका, आठ दिवसांत येते. मला घरी कधी करावी लागली नव्हती, आई करायची. इथं पहिल्या दिवशी परातीत थापायला घेतली तर कडा फुटून नकाशा झाला, रडकुंडीला आले. मग आईनं फोनवर सांगितलं, पाणी उकळून घे, पिठात घालून उलथन्यानं हलव, हाताला सोसंल तेव्हा मळ आणि तळहाताच्या मागच्या बाजूनं रगडून रगडून मळ. ज्वारीला गव्हासारखा ताण नसतो, त्या उकळत्या पाण्यानंच पीठ चिकट होतं आणि भाकरी एकजीव राहते. आणि पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग काही केलं तरी थापताना मोडते, म्हणून ज्वारी पोत्यानं आणा पण गिरणीतून एका वेळी चार-पाच किलोच दळून आणा. आता माझी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली आणि जाळावर धरली की टम्म फुगते, ती वाफ तोंडावर आली की गावाकडं बसल्यासारखं वाटतं.

फ्रीज नसतो म्हणून टिकणाऱ्या गोष्टी घरून आणायच्या. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कारळाची चटणी, काळा मसाला, आणि येसर. येसर ज्यांच्या घरी होतो त्यांना सांगायची गरज नाही, धान्य, डाळी, मसाले भाजून दळलेलं ते पीठ, फोडणीत पाणी घालून उकळी आली की दोन चमचे कालवून सोडायचं, दहा मिनिटांत आमटी, घाटीतून नऊ वाजता आलं तरी आमटी-भाकरी गरम खाता येते. सकाळी सुशीला करतो, मुरमुरे भिजवून पिळून फोडणीला, शेंगदाणे, हिरवी मिरची, पाच मिनिटांचं काम आणि पोट भरतं. मटकी रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड. एवढ्यावर आठवडा निघतो, भाजीला आम्ही फक्त दोनदा जातो.

स्वयंपाकाची खरी अडचण भांड्यांना लागणाऱ्या पाण्याची आहे, आणि याचं कुणी रूम बघताना विचारत नाही. जायकवाडीचं धरण एवढं जवळ, पैठण पन्नासेक किलोमीटर, पण शहरात नळाला पाणी रोज येत नाही, बऱ्याच भागात कित्येक दिवसांआड येतं. ज्या शहरात निजामशाहीच्या मलिक अंबरनं सतराव्या शतकात खापराच्या नळांतून शहरभर पाणी खेळवलं त्याच शहरात आम्ही ड्रम भरून ठेवतो, पाणचक्कीवरून जाताना दरवेळी हे मनात येतं. म्हणून रूम बघताना भाडं विचारायच्या आधी विचारा, बोअर आहे का, उन्हाळ्यात आटतो का, टँकरचे पैसे वेगळे का भाड्यात. एप्रिल-मे मधे पाणी नसेल तर रूमवर स्वयंपाक म्हणजे हाल, तेव्हा सरळ डबा लावा, त्यात कमीपणा काही नाही.

राहता राहिलं सेवेचं, एनएसएस का स्वतः जायचं. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, आणि त्याचा हिशेब ठरलेला आहे, वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४० आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. काम बहुतेक दिवसा आणि कॉलेजला धरूनच असतं, म्हणजे मेसवाल्यालाही जमतं. शिबिर मात्र चुकवू नका. आमच्या शिबिरात स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या, चुलीवर पन्नास जणांची खिचडी, सहा किलो तांदूळ दोन किलो तूरडाळ, आणि ज्या पोरांनी घरी कधी पाण्याचा पेला उचलला नव्हता ती पोरं तिसऱ्या दिवशी कांदा चिरायला स्वतःहून बसली. मला माणसांत काम करायची सवय तिथंच लागली.

घाटीसारख्या ठिकाणी स्वतः जायचं तर तास कुणी मोजत नाही, सर्टिफिकेट नाही, पण माणूस समोर दिसतो. तसंच उठून वॉर्डात जायचं नसतं, तिथं समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटून विचारून काम घ्या, आणि औषध-उपचाराबद्दल एक शब्द बोलायचा नाही, आपलं काम रस्ता दाखवायचं, फॉर्म भरायचं, रांगेत थांबायचं. माझ्या मते पहिल्या वर्षी एनएसएस करा, दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस घाटी. दोन्ही एकदम पहिल्या वर्षी घेतलं तर अभ्यास बुडतो, माझ्या एका मैत्रिणीचे दोन विषय राहिले.

गुरुवारी आम्ही सहा-सात भाकरी जास्त करतो. पेशंटला नाही, त्यांचं पथ्य असतं, सोबत आलेल्या नातेवाईकांना. दोन दिवस नुसत्या चहावर बसलेली माणसं असतात तिथं, जेवायला पैसे असूनही जागा सोडून जाता येत नाही म्हणून. मागच्या गुरुवारी पाथरीकडच्या एक मावशी, नातू ॲडमिट, भाकरी हातात घेतली, मोडली, वास घेतला आणि म्हणल्या "ज्वारीची हाय व्हय गं, घरची?" आणि मग खाल्ली. मेसवर असताना हे मला करता आलं नसतं, एवढं एक कारण माझ्यासाठी पुरे आहे.

तर एकटे असाल, किंवा रूम सिडको-हडकोकडं लांब असून येण्याजाण्यातच दीड तास जात असेल, तर पहिले सहा महिने मेस लावा आणि तिथंच सोबती शोधा, शक्यतो आपल्यासारखीच भूक असणारे आणि भांडी टाळणारे नसलेले. दोघं-तिघं असाल आणि रूमला पाणी असेल तर दिवाळीची वाट बघू नका, पहिल्या महिन्यापासून करा. येताना लोखंडी तवा आणि परात घरूनच आणा, इथं मिळतात ते तवे पातळ, भाकरी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. आणि आईला येसरचा डबा मोठा भरायला सांगा, आमचा गेल्या वेळी महिन्यातच संपला.