उसळलेला शेअर की इंडेक्स फंड? एनव्हिडिया समोर ठेवून केलेली तुलना

एआयसाठी (कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी) लागणाऱ्या चिप विकणाऱ्या एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीचं बाजारमूल्य, म्हणजे तिच्या सगळ्या शेअरची मिळून किंमत, 2023 मध्ये पहिल्यांदा 1 लाख कोटी डॉलरच्या वर गेलं आणि जुलै 2025 मध्ये 4 लाख कोटींच्या. हा चढता आलेख पाहून अनेकांना वाटतं की गाडी सुटली तरी धावत जाऊन पकडावी. हाती असलेले पैसे दहा-पंधरा वर्षं लागणार नसतील, तर ते या एका शेअरमध्ये टाकावेत की एस अँड पी 500 च्या साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे अमेरिकेतल्या सुमारे 500 बड्या कंपन्यांच्या या निर्देशांकातले सगळेच शेअर घेणाऱ्या फंडात? माझा कल इंडेक्स फंडाकडे आहे. पण एनव्हिडियाची बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

ही तेजी हवेतली नाही. जानेवारी 2023 मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री सुमारे 27 अब्ज डॉलर होती. दोनच वर्षांत ती 130 अब्जांवर गेली आणि निव्वळ नफा जवळपास 73 अब्ज झाला. इतक्या मोठ्या आकाराची कंपनी या वेगाने वाढणं फार दुर्मीळ आहे. भावाबरोबर नफाही वाढला, आणि नुसत्या स्वप्नांवर चढलेल्या शेअरपेक्षा हा शेअर वेगळा ठरतो तो इथेच. शिवाय चिपच्या जोडीला, तिच्यावर प्रोग्राम चालवण्यासाठी, कंपनीचंच कुडा हे सॉफ्टवेअर आहे. 2006 पासून जगभरातले प्रोग्रामर त्यावर काम करत आले आहेत, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची चिप स्वस्त मिळाली तरी लगेच तिकडे वळणं सोपं नसतं.

आता किंमत पाहू. मला सगळ्यात मोठी अडचण इथेच दिसते. 4 लाख कोटी डॉलर बाजारमूल्य असताना शेअर घेतला आणि वर्षाला 10 टक्के परतावा हवा असेल, तर दहा वर्षांनी ते मूल्य 10 लाख कोटींच्या पुढे जायला हवं. तोवर कंपनी प्रौढ झालेली असेल आणि बाजार तिला नफ्याच्या 25 पट भाव देईल असं धरू. मग वर्षाचा नफा 415 अब्ज डॉलरच्या आसपास लागतो, म्हणजे वर सांगितलेल्या 73 अब्जांच्या साडेपाच पटींहून जास्त. कंपनी स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेते, त्या पुनर्खरेदीमुळे हे गणित थोडं हलकं होईल, पण फार नाही. हे अशक्य आहे असं मी म्हणत नाही. फक्त एवढं सगळं जमलं तर हाती येतो तो 10 टक्के, आणि अमेरिकी बाजाराचा दीर्घकालीन सरासरी परतावाही साधारण तेवढाच आहे.

नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को या अमेरिकी कंपनीचा इतिहास इथे नीट समजून घ्यावा. इंटरनेटच्या तेजीत तिची उपकरणं सगळ्यांनाच हवी होती. मार्च 2000 मध्ये 500 अब्ज डॉलरहून अधिक बाजारमूल्य गाठून ती जगातली सर्वांत मोलाची कंपनी बनली, आणि तेव्हा शेअरचा भाव नफ्याच्या 100 पटींहून जास्त होता. पुढे इंटरनेट खरोखरच जगभर पसरलं. सिस्को बुडाली नाही. 2000 ते 2023 या काळात तिचा वार्षिक नफा चौपटीहून अधिक झाला. तरीही 80 डॉलरचा तो जुना उच्चांक ओलांडायला शेअरला डिसेंबर 2025 उजाडला. मधे 2002 मध्ये भाव 10 डॉलरच्याही खाली गेला होता. 2011 पासून मिळू लागलेला लाभांश सोडला, तर शिखरावर घेणाऱ्याच्या हाती पंचवीस वर्षांत काहीच आलं नाही. त्याचा कंपनीबद्दलचा अंदाज बरोबर होता, पण मोजलेली किंमत चुकली.

एनव्हिडियाची किंमत तेवढी बेफाम नाही, हेही सांगायला हवं. 2025 च्या मध्याला ती मागील वर्षभराच्या नफ्याच्या पन्नासेक पट होती. धोका दुसरीकडे आहे. सिस्कोप्रमाणेच इथेही विक्रीचा मोठा भाग मोजक्या बड्या ग्राहकांच्या खर्चावर उभा आहे. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गूगल आणि मेटा यांनी डेटा सेंटरवरचा खर्च आवरता घेतला, तर त्याची झळ थेट इथे बसेल. आणि यातल्या गूगल, ॲमेझॉनसारख्या कंपन्या स्वतःच्या चिपही बनवतात.

इंडेक्स फंडाला काय सुरक्षित म्हणायचं? पडतो तोही. 2000 ते 2002 दरम्यान एस अँड पी 500 जवळपास निम्म्यावर आला आणि जुना उच्चांक गाठायला 2007 साल लागलं. त्यानंतर 2008 ची पडझड आलीच. पण सात वर्षं आणि पंचवीस वर्षं यांत फार मोठं अंतर आहे. निर्देशांकात हरणारे आपोआप लहान होत बाहेर पडतात आणि जिंकणारे आत येतात. नोव्हेंबर 2001 मध्ये एन्रॉन ही ऊर्जा कंपनी कोसळत असताना निर्देशांकातली तिची जागा एनव्हिडियानेच घेतली. फंडधारकाला त्यासाठी काहीही ओळखावं लागलं नाही. हेन्ड्रिक बेसेमबाइंडर यांच्या अभ्यासानुसार 1926 ते 2016 या काळात अमेरिकी शेअर बाजाराने अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांपेक्षा जी जास्तीची संपत्ती निर्माण केली, ती सगळी अवघ्या 4 टक्के कंपन्यांमुळे. ते 4 टक्के आधीच हेरणं महाकठीण. फंडात ते असतातच.

राहिला धीर. एनव्हिडियाचा शेअर 2007-08 मध्ये सुमारे 85 टक्के, 2018 मध्ये काही महिन्यांत निम्म्याहून अधिक आणि नोव्हेंबर 2021 ते ऑक्टोबर 2022 मध्ये सुमारे 66 टक्के पडला. 27 जानेवारी 2025 ला डीपसीक या चिनी एआय कंपनीच्या बातमीने एका दिवसात 17 टक्के गेले. आज ज्यांच्या नफ्याचं कौतुक होतं, ते हे सगळं सोसून थांबलेले लोक आहेत. 66 टक्के पडल्यावर मुद्दल परत यायला भाव जवळजवळ तिप्पट व्हावा लागतो. त्या काळात नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, तर शेअर तळाला विकण्यावाचून पर्याय उरत नाही.

म्हणून निवृत्तीचे किंवा मुलांच्या शिक्षणाचे पैसे असतील तर इंडेक्स फंड, यात मला शंका नाही. शेअर घ्यायचाच असेल, तर ज्या रकमेचे दोन तृतीयांश गेले तरी घरातला एकही बेत पुढे ढकलावा लागणार नाही, तेवढ्याचाच घ्यावा, आणि तोही हप्त्याहप्त्याने. शिवाय 2025 च्या उत्तरार्धात एस अँड पी 500 मध्ये एकट्या एनव्हिडियाचा वाटा 7 ते 8 टक्के होता. 90 टक्के पैसे फंडात आणि 10 टक्के थेट शेअरमध्ये घातले, तर एकाच कंपनीवर तुमचे जवळपास 17 टक्के लागलेले असतात.

शेअर घेतल्यानंतर रोजचा भाव पाहण्यापेक्षा तिमाही निकालात दोन गोष्टी शोधा: बडे ग्राहक डेटा सेंटरवर पुढच्या वर्षी किती खर्च करणार आहेत, आणि एनव्हिडियाचा विक्रीच्या 75 टक्क्यांच्या आसपास असलेला ढोबळ नफा (विक्रीतून माल बनवण्याचा खर्च वजा जाता उरतो तो) टिकतो आहे का. स्पर्धा खरोखर दारात आली, तर ती आधी त्या दुसऱ्या आकड्यात दिसेल.