डिझाइन उत्तम, डोमेनचा ताबा मात्र त्यांच्याकडेच

इतवारीतील आमच्या मसाल्याच्या दुकानासाठी धरमपेठेतील एका संस्थेकडून संकेतस्थळ आणि डॉट इन डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता) एकत्र घेतले. मांडणी सुबक आहे, सावजी मसाल्याची छायाचित्रे मोबाइलवरही झटकन उघडतात आणि दरही वाजवी आहे.

खरी अडचण संकेतस्थळ आणि डोमेन दुसरीकडे हलवताना आली. डोमेन हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड, म्हणजे हस्तांतरणाचा गुप्त संकेत, मागितला, तेव्हा नोंदणीत मालक म्हणून दुकानाऐवजी त्या संस्थेचेच नाव असल्याचे कळले आणि ‘सगळे आम्हीच सांभाळतो, काळजी कशाला’ एवढ्यावर आमची बोळवण झाली. नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्याच हाती डोमेन राहते. डॉट इनची व्यवस्था निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) ही संस्था पाहते आणि वाद तिच्या आयएनडीआरपी या डोमेन-वाद निवारण धोरणानुसार लवादाकडे जातो. तिथे नावावरील आपला हक्क, समोरच्याला वैध अधिकार नसणे आणि त्याचा दुर्हेतू, हे सारे तक्रारदाराला दाखवावे लागते. छोट्या दुकानदाराने हे कधी करायचे?

लेखी पत्र दिल्यावर संस्थेने नोंद बदलली, तीही कुरकुरत. डिझाइनसाठी पाचपैकी चार गुण, डोमेन-सेवेसाठी एक. डोमेन रजिस्ट्रारकडून (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून) थेट, स्वतःच्या नावाने आणि ईमेलने घ्यावे.