विरोधी पक्षात काम करायचे, तर कोणत्या? कोल्हापूरपुरती एक तुलना

कोल्हापूर जिल्ह्यात विरोधी राजकारणात उतरू पाहणाऱ्या तरुणाने जाहीरनाम्याआधी एवढे पाहावे, की पक्षाची भूमिका बदलताना नेतृत्वाला आतल्या कोणाची संमती घ्यावी लागते.

काँग्रेसमध्ये हा माग साखर कारखान्याच्या संचालक मंडळापर्यंत जातो. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला काँग्रेस नेते सतेज पाटील यांच्या पुढाकाराने येथे ठाम विरोध झाला, कारण जमीन जाणारा शेतकरी आणि त्याच्या मतांवर उभा असलेला नेता या प्रश्नात एकाच बाजूला होते. उसाच्या दराबाबत तसे होत नाही. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये दिली ती काँग्रेसचा सहभाग असलेल्या महाविकास आघाडी सरकारनेच. कारखाना चालवणारा आणि त्याला ऊस घालणारा एकाच पक्षात असले, की वजन चालवणाऱ्याचे पडते, आणि सत्ता गेल्यावरही हा तोल फारसा बदलत नाही. मला ही काँग्रेसची सर्वांत गंभीर उणीव वाटते.

स्वाभिमानी शेतकरी संघटनेत पहिल्या उचलीची, म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्याची, मागणी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत शेतकऱ्यांसमोर जाहीर होते, म्हणून ती परस्पर सोडून देणे संघटनेचे नेते राजू शेट्टी यांनाही अवघड असते. दोन टप्प्यांच्या निर्णयाविरुद्ध ते न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आघाडी कोणाशी करायची, हे मात्र बव्हंशी एका नेत्यावर अवलंबून राहिले: २०१४ ला महायुती, २०१७ ला तिच्यातून बाहेर आणि त्याच वर्षी मंत्री असलेल्या सदाभाऊ खोत यांची हकालपट्टी, २०१९ ला काँग्रेस आघाडी, २०२२ ला तीही सोडली. दराची मागणी टिकली, पण सोबती बदलत गेल्याने दराबाहेरच्या प्रश्नांवरचे धोरण कधी नीट आकाराला आले नाही.

शेतकरी कामगार पक्षाने १९५० मध्ये दाभाडीला मार्क्सवादी भूमिका लेखी स्वीकारली. पुढे पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे, शंकरराव मोरे काँग्रेसमध्ये परतले, तरी एन. डी. पाटील यांच्यासारखे लोक त्या भूमिकेवर आयुष्यभर उभे राहिले आणि उतारवयातही कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यात रस्त्यावर आले. आज या पक्षाची जिल्ह्यातील ताकद थोडी आहे.

ज्याचा प्रश्न जमिनीचा आहे त्याला काँग्रेसमध्ये वाव मिळेल. उसाचा दर हाच ज्याचा प्रश्न आहे, त्याने स्वाभिमानीत जावे, मात्र आघाडीचा निर्णय कोणत्या बैठकीत होतो, हे सभासद होण्याआधी विचारून घ्यावे.