जुनी आलिशान डिझेल की नवी छोटी हॅचबॅक?

तीन वर्षं दोन्ही गाड्या एकाच दारात ठेवून पाहिल्या: ऐंशीच्या दशकातली जर्मन डिझेल सेडान आणि नवी पेट्रोल हॅचबॅक. मायलेज, डिकी वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

बसण्याच्या सुखात तुलनाच नाही. सेडानच्या सीटमध्ये खऱ्या स्प्रिंगा, टायर जाडजूड. खड्डा आलेला कळतो, पण लागत नाही. हॅचबॅकचे टायर दिसायला झकास, पण इतके बुटके की खड्डा थेट कमरेला भेटतो. अरुंद जागेतही मला जुनीच सोपी वाटते. लोक हसतात, पण तिच्या बॉनेटची दोन्ही टोकं बसल्या जागी दिसतात. काचांमधले, छप्पर धरणारे खांबही बारीक. आता आजच्या गाडीचे खांब जाड आहेत ते गाडी उलटली तर छप्पर पेलायला, हेही खरंच. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ देत नाही ते) १९७८ मध्ये आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरतं ते) १९९५ मध्ये आलं, ते आधी बड्या गाड्यांतच. माझ्या सेडानमध्ये मात्र दोन्ही नाहीत. हॅचबॅकमध्ये दोन्ही आहेत.

तरी एवढ्यावरून माझं मन वळलं नसतं. ते वळवलं एका रबरी नळीने.

या जुन्या डिझेलला पेट्रोलसारखा स्पार्क नसतो, त्यामुळे वीज तोडली म्हणून इंजिन थांबत नाही. डिझेलच तोडावं लागतं. माझ्या गाडीत ते काम व्हॅक्यूमवर, म्हणजे रबरी नळ्यांतून हवा ओढून घेण्यावर चालतं. दारांची कुलपंही त्याच व्हॅक्यूमवर, ब्रेक दाबायला जोर देणारा बूस्टरही. चाळीस वर्षांत नळ्या कडक होतात, कुठेतरी हवा शिरते आणि किल्ली फिरवली तरी इंजिन आपलं चालूच. मग बॉनेट उघडायचं आणि इंजिनवरचा ‘स्टॉप’ लिहिलेला दांडा हाताने दाबायचा. मला त्याचं काही वाटत नसे. पण एका रात्री बहीण गाडी घेऊन गेली आणि तिचा फोन आला, “दादा, किल्ली माझ्या हातात आहे आणि गाडी चालूच आहे!” अंधारात, फोनवरून, तो दांडा शोधून द्यायला वीस मिनिटं गेली. नळी बदलली. चार महिन्यांनी दुसरी गेली.

हॅचबॅक सिग्नलला न विचारता स्वतःच बंद होते, त्याचाही वैताग आहेच. पण ती सोय बंद करायला बटण आहे, आणि ते कुणालाही सापडतं.

गाडी फक्त तुम्हीच चालवणार असाल, हात काळे करायची हौस असेल, तर कदाचित माझं ऐकू नये. मीही सेडान विकलेली नाही, रविवारी काढतो. परवा बहीण आली होती. खुंटीवर दोन्ही किल्ल्या होत्या. तिने न विचारता हॅचबॅकची उचलली.