मे महिन्यात कमाटीबाग, दोन नातवंडांसह

लेकीने पुण्याहूनच दोन्ही मुलांची नावं इथे बडोद्यातल्या एका पोहण्याच्या शिबिरात घालून ठेवली होती. कुठलं ते लिहीत नाही. कमरेइतक्या पाण्यात तीस-चाळीस पोरं, त्यातली निम्मी कठड्याला धरून उभी. तिसऱ्या दिवशी धाकटा ओल्या चड्डीनेच माझ्या आरामखुर्चीत येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, उद्यापासून मी नाही जाणार." पैसे बुडाले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं कमाटीबागेत.

पाटीवर सयाजीबाग लिहिलेलं असतं, पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ते नाव कुणाच्या तोंडी मी ऐकलेलं नाही. कमाटीबागच. १८७९ सालची. तेव्हा सयाजीराव महाराज सोळा वर्षांचे होते, राज्याचे पूर्ण अधिकारही हातात यायचे होते. हे ऐकून अकरा वर्षांची नात जरा विचारात पडली.

आता कामाचं. बडोद्याचा मे म्हणजे अंगाची भाजणी, म्हणून वेळ पाळा. साडेसहाला काळ्या घोड्याच्या पुतळ्यापासून आत शिरायचं. त्या वेळी चालणारे, हास्यक्लबवाले आणि पोपट एवढेच असतात. मोठ्या झाडांखाली पोरं दीड तास बिनधास्त हुंदडतात. बरोबर पाणी, टोपी आणि जुनी चादर घ्या. नऊनंतर बाकावर बसवत नाही. विश्वामित्री नदीच्या पुलावर धाकट्याला मगर बघायचीच होती. चार दिवस नुसतं पाणी आणि गाळ. पाचव्या दिवशी काठावर लाकडाचा ओंडका दिसला आणि तो ओंडका हलला. त्या दिवशी घरी नाश्ता होईपर्यंत दुसरा विषय नव्हता. (पुलावरूनच बघा. पाण्याजवळ जायचं नाही, अजिबात नाही.)

फुलांचं घड्याळ लांबून बघायलाच छान. काटे रोपांवरून फिरतात आणि यंत्र जमिनीखाली असतं, हे कळल्यावर धाकटा बराच वेळ खाली वाकून कान लावून होता. प्राणिसंग्रहालयाला भर उन्हात माझ्याकडून पाचापैकी दोनच. वाघ-सिंहांनाही उकडतं, ते सावली धरून पडून राहतात. गेलात तर सकाळीच जा.

पाचापैकी पाच गुण म्युझियमला. बाहेर ऊन तापायला लागलं की आत शिरा. इमारत १८९४ ची, जाड भिंती, उंच छत, आत गेल्यावर डोळ्यांना बरं वाटतं. देवमाशाचा सांगाडा बघून दोघंही गप्प झाली. मही नदीच्या मुखाशी १९४४ साली वाहून आलेला हा निळा देवमासा, सत्तर फुटांच्या वर लांब. नातीने शेपटीपासून जबड्यापर्यंत पावलं मोजली, धाकट्याने मध्येच आकडे बोलून तिचा हिशोब चुकवला, मग दोघांची मारामारी. इजिप्तच्या ममीकडे मात्र तो माझा हात धरूनच गेला. शेजारच्या चित्रदालनात मुलं रमत नाहीत, मोठ्यांनी मात्र चुकवू नये. ती इमारत १९१४ ला तयार झाली, पण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं तिकडेच अडकली आणि दालन उघडलं ते १९२१ ला. पाहुण्यांना मी हे दरवर्षी सांगतो. बायको म्हणते, पाहुणे म्हणूनच कमी येतात.

रविवारी संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा अख्खं बडोदं तिथे असतं. अगदीच जायचं तर बाहेरच्या गाडीवरचा गोळा खाऊन परत फिरा. "भाई, बे काला खट्टा आपजो," असं मी गुजरातीत म्हटलं की नातवंडं हसतात, आणि मग घरी दिवसभर पाणीसुद्धा "आपजो" म्हणूनच मागतात. पलीकडे ताडफळीवाली बसते, म्हणजे आपले ताडगोळे. सोलून घ्या, घरी नेऊन सोलायच्या भानगडीत पडू नका. माझा अंगठा अजून दुखतोय.

परवा त्या शिबिराकडून मेसेज आला, दुसऱ्या बॅचला जुन्या मुलांसाठी सवलत आहे म्हणून. मी तो तसाच लेकीला पाठवून दिला.